देव मानत नाही, मत द्याल का?

मागच्या अंकात एका उत्तरात मी सहज लिहून गेले की नास्तिक उमेदवार हरतो तो नास्तिक असल्यामुळे कमी आणि ऐनवेळी चाचरल्यामुळे जास्त. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळी बाकीचे सगळे विषय बाजूला ठेवलेत. काही पत्रं चिडलेली आहेत, एक तर सरळ शिव्याच आहेत (अक्षर मात्र सुरेख!), पण बरीचशी खरोखरच अडलेल्या माणसांची आहेत. नावं कुणाचीच देत नाहीये.

प्रश्न: ताई, मी पस्तिशीतला आहे, आठ वर्षं पाणी, कचरा, रस्ते यावर काम करतोय, आता पहिल्यांदाच निवडणुकीला उभं राहायचं चाललंय. मी देव मानत नाही. जवळच्यांना माहितीये, बाकीच्यांना नाही. मित्र म्हणतात गप्प बस, कोण विचारायला बसलंय. स्वतःहून सांगू की नको?

उत्तर: विचारतात रे, आणि नेमकं नको त्या वेळी विचारतात. १९८५ ची गोष्ट सांगते. ब्राझीलमध्ये साओ पावलोच्या महापौरपदाची निवडणूक होती, उमेदवार फर्नांडो हेन्रिके कार्डोसो, समाजशास्त्राचा नावाजलेला प्राध्यापक, जिंकणार असंच सगळे धरून चाललेले. टीव्हीवर डिबेट सुरू असताना पत्रकाराने विचारलं, तुम्ही देव मानता का? आता हो म्हणावं तर खोटं आणि नाही म्हणावं तर पंचाईत, गडी अडखळला आणि बोलून काय बसला, तर हा प्रश्न विचारणार नाही असं तुम्ही कबूल केलं होतंत! झालं ना. नास्तिक असणं एक वेळ पचलं असतं, पण आधी ठरवून प्रश्न टाळायला बघत होता हे कसं पचणार? थोडक्यात हरला. आता सगळं खापर त्या एका प्रश्नावर फोडणं बरोबर नाही, कारण या साहेबांनी मतदानाच्या आधीच महापौरांच्या खुर्चीत बसून फोटो पण काढून घेतला होता, आणि जिंकलेल्या जानियो क्वाद्रोसने नंतर तीच खुर्ची कॅमेऱ्यांसमोर जंतुनाशक मारून पुसली. पण ब्राझीलमध्ये आजही या निवडणुकीची गोष्ट निघाली की तो देवाचा प्रश्न निघतोच. बाय द वे, पुढे १९९४ आणि १९९८ ला हाच माणूस राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक जिंकला.

दुसरीकडे ऑस्ट्रेलियाच्या ज्युलिया गिलार्ड. २०१० मध्ये पंतप्रधान झाल्या झाल्या रेडिओवर हाच प्रश्न आला आणि त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं, जी श्रद्धा मनात नाही तिचं सोंग करणार नाही असंही सांगितलं. त्यानंतरच्या निवडणुकीत बहुमत कुणालाच मिळालं नाही, सरकार मात्र त्यांचंच आलं. म्हणजे खरं बोलल्याचं बक्षीस वगैरे काही मिळालं नाही, पण त्या उत्तराने खड्ड्यातही घातलं नाही.

तर स्वतःहून माईक घेऊन जाहीर करत सुटायची गरज नाही. कुणी आस्तिक उमेदवार तरी पहिल्या सभेत मी आस्तिक आहे हो म्हणून सांगतो का? पण उत्तर तयार हवं आणि ते पाठ नाही, सवयीचं हवं. माझ्या ओळखीतल्या एकाची मी याच प्रश्नासाठी तालीम घेतली होती. स्वयंपाकघरात उभी राहून मी प्रश्न टाकायचे आणि हा टेबलाशी बसून उत्तर द्यायचा. पहिल्या खेपेला पठ्ठ्या चार मिनिटं बोलला, ग्रीक तत्त्ववेत्त्यांपासून सुरुवात, मध्ये उत्क्रांती, शेवटी स्वतःच विसरला की प्रश्न काय होता. त्याची आई बाजूला काहीतरी निवडत बसली होती, ती म्हणाली, अरे हो की नाही ते सांग ना बाबा, एवढं बोलतोयस म्हणजे काहीतरी लपवतोयस. तिथे आम्हाला कळलं. कापत कापत दोन वाक्यांवर आणलं: 'नाही मानत. पण तुम्हाला मानायला कुणी आडकाठी केली तर मी तुमच्या बाजूने उभा असेन, आता पाण्याचं बोलूया?' सभेत प्रश्न आला, त्याने हे एवढंच म्हटलं आणि पुढचा प्रश्न खरंच पाण्याचा आला. निवडणूक हरला हं तो, खोटं कशाला सांगू. पण शेवटच्या आठवड्यात पैसे संपले म्हणून हरला.

प्रश्न: बाई, मी ७१ वर्षांचा भाविक माणूस आहे. तुम्ही या लोकांची बाजू घेता म्हणून विचारतो. ज्याला देवाची भीती नाही त्याच्या हातात तिजोरीची किल्ली कशी द्यायची?

उत्तर: काका, तुम्ही हे तोंडावर विचारलंत ते बरं केलंत, बहुतेक लोक मनात ठेवतात आणि मतपेटीत उत्तर देतात. आणि हा खरा प्रश्न आहे, बाकीचे सगळे याच्या फांद्या. लोकांना नास्तिकाचं तत्त्वज्ञान खुपत नाही, त्यांना वाटतं की वरून कुणी बघत नाही असं समजणारा माणूस खाली काय वाट्टेल ते करेल.

यावर अभ्यासही झालेत. २०११ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी लोकांना एका माणसाचं वर्णन दिलं, उभ्या गाडीला धडक देऊन कुणी बघत नाही म्हटल्यावर सटकणारा, सापडलेल्या पाकिटातले पैसे खिशात घालणारा. हा कोण असेल? लोकांचा अंदाज इतर धर्माच्या माणसांकडे फारसा वळलाच नाही, नास्तिकाकडे मात्र वळला, जवळजवळ बलात्काऱ्याकडे वळला तेवढाच. २०१७ मध्ये १३ देशांतल्या ३००० हून जास्त लोकांना घेऊन अशाच धर्तीचा अभ्यास झाला, तिथेही तेच, आणि मला गंमत याची वाटली की स्वतः नास्तिक असलेल्यांनीही नास्तिकावरच जास्त संशय घेतला! म्हणजे काका, तुम्ही एकटे नाही आहात, समोरच्या पार्टीतले पण तुमच्याबरोबर आहेत.

पण हा अंदाज आहे, अनुभव नाही. तिजोरीवर हात मारून पकडले गेलेले लोक आठवून बघा आणि त्यातले किती जण देव न मानणारे होते ते तुम्हीच मोजा, मी काही बोलत नाही. तुमच्याकडे उमेदवार आला की त्याला विचारा, याआधी तुझ्या हातात कुणाचे पैसे होते आणि त्याचा हिशोब कुठाय. आस्तिकालाही हेच विचारा. आणि एवढं करूनही तुम्हाला मत द्यावंसं वाटलं नाही तर नका देऊ, मत तुमचं आहे, त्यावर मी कोण बोलणार.

आकडे बदलतायत एवढं मात्र सांगते. अमेरिकेत गॅलप ही संस्था कित्येक वर्षं विचारत आलीये की तुमच्याच पक्षाने लायक पण नास्तिक उमेदवार राष्ट्राध्यक्षपदाला दिला तर मत द्याल का. १९५८ मध्ये हो म्हणणारे १८ टक्के होते, २०१९ मध्ये ६० टक्के.

प्रश्न: 'नास्तिक' शब्द फार कडक वाटतो. अज्ञेयवादी (देव आहे की नाही हे कळूच शकत नाही म्हणणारा), मानवतावादी, असं काहीतरी सौम्य म्हटलं तर चालेल का?

उत्तर: तुम्ही खरंच तसे असाल तर चालेल. अमेरिकेत कर्स्टन सिनेमा २०१२ मध्ये काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून आल्या, धर्म कुठलाच नाही, शपथ घेताना हात राज्यघटनेच्या प्रतीवर, पण नास्तिक म्हणून बातम्या यायला लागल्या तसं त्यांच्या ऑफिसने ताबडतोब सांगितलं की तो शब्द त्यांना लावू नका. तिथलेच खासदार जॅरेड हफमन यांनी २०१७ मध्ये स्वतःला मानवतावादी म्हटलं आणि ते टिकून आहेत. पण मऊ शब्द पांघरूण म्हणून घेतलात तर लोक पांघरूण ओढतातच. 'म्हणजे देव मानता की नाही?' हा पुढचा प्रश्न येणारच आहे, आणि मग अज्ञेयवाद म्हणजे काय ते समजावत बसाल. वरच्या आईंचं वाक्य आठवा.

अजून एक, वेळेचं. पीट स्टार्क हे अमेरिकन काँग्रेसचे पहिले सदस्य ज्यांनी पदावर असताना उघडपणे सांगितलं की मी ईश्वर मानत नाही. साल २००७. काँग्रेसमध्ये आले होते १९७३ ला! चौतीस वर्षं लोकांनी काम बघितलं होतं, त्यामुळे त्यानंतरच्या दोन निवडणुकाही आरामात जिंकले (२०१२ ला हरले ते आपल्याच पक्षाच्या एका तरुणाकडून). पहिल्यांदा उभं राहणाऱ्याकडे ही चौतीस वर्षांची शिल्लक नसते, म्हणून त्याला आधीचं काम दहापट दाखवावं लागतं, अन्याय आहे पण आहे.

प्रश्न: मी चांगली श्रद्धाळू बाई आहे, तरी विरोधकांनी मेसेज फिरवलाय की ही नास्तिकांकडून पैसे घेते. काय करू?

उत्तर: तुमच्यासारखंच २००८ मध्ये के हेगन यांचं झालं, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात, सिनेटच्या निवडणुकीत. प्रतिस्पर्धी एलिझाबेथ डोल यांच्या बाजूने शेवटच्या दिवसांत जाहिरात आली की बघा, या देव न मानणाऱ्यांच्या पैशावर उभ्या आहेत, आणि शेवटी पडद्यावर हेगन यांचा फोटो आणि मागून एका बाईचा आवाज, 'देव नाही'. आवाज हेगन यांचा नव्हताच, पण ऐकणाऱ्याला वाटणार तोच. हेगन या चर्चमध्ये रविवारी मुलांना शिकवणाऱ्या बाई! त्यांनी लगेच स्वतःची जाहिरात काढली, बदनामीचा दावा ठोकला आणि निवडणूक चांगल्या फरकाने जिंकल्या. तेव्हा तुम्हीही चोवीस तासांत उत्तर द्या, तुमच्या स्वतःच्या आवाजातला व्हिडिओ टाका, वाट बघत बसू नका.

पण एक विनंती. उत्तर देताना 'शी शी, मी आणि नास्तिक?' असा सूर लावू नका. तो शब्द शिवी आहे हे तुम्हीच मान्य केलंत तर ज्याने शिवी दिली त्याचं निम्मं काम तुम्ही केलंत, आणि तुम्हाला मत देणाऱ्यांत न मानणारेही असतील की. त्याच नॉर्थ कॅरोलिनात पुढच्याच वर्षी सेसिल बॉथवेल नावाचे, देव न मानणारे गृहस्थ ॲशव्हिल शहराच्या कौन्सिलवर निवडून आले.

प्रश्न: प्रचारात प्रार्थनास्थळी जावंच लागतं, माणसं तिथेच भेटतात. गेलो तर ढोंगी, नाही गेलो तर घमेंडी. हात जोडायचे का?

उत्तर: जा. चपला काढायच्या तिथे काढा, डोकं झाकायचं तिथे झाका, बसायचं तिथे बसा, हे पाहुण्याचे रीतिरिवाज आहेत, यात सोंग काही नाही. सोंग सुरू होतं ते कॅमेरा बघून डोळे मिटण्यापासून. आणि ते दिसतं हो! सवय नसलेला माणूस तिरक्या नजरेने शेजारच्याकडे बघत असतो, आता वाकायचं का, आता उठायचं का, त्याचे ओठ अर्धा सेकंद उशिरा हलतात, आणि आजकाल तो अर्धा सेकंद कुणाच्या ना कुणाच्या फोनमध्ये असतोच. माणसांना नमस्कार करायला हात जोडा, ती समोरच उभी असतात.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या प्रतिनिधीगृहात ह्वान मेंडेझ नावाच्या सदस्यावर कामकाज सुरू होण्याआधीची प्रार्थना म्हणायची पाळी आली. तो म्हणाला, नेहमी आपल्याला माना खाली घालायला सांगतात, आज घालू नका, या सभागृहात बसलेल्या एकमेकांकडे बघा. मला हे फार आवडलं. दुसऱ्या दिवशी मात्र एका सदस्याने उठून सांगितलं की कालचं काही प्रार्थना म्हणून धरता येत नाही आणि आदल्या दिवसाची भरपाई म्हणून आणखी एक प्रार्थना करवून घेतली.

प्रश्न: आमचे मिस्टर उभे आहेत. ते मानत नाहीत, मी मानते. आता प्रचार बघणारा मुलगा म्हणतोय, काकू तुमचा प्रार्थना करतानाचा फोटो पोस्टरवर टाकू, म्हणजे बॅलन्स होईल. मला कसंसंच होतंय.

उत्तर: व्हायलाच हवं, नाही म्हणून सांगा त्याला. तुमची प्रार्थना तुमच्या मिस्टरांची तूट भरून काढायला नाहीये. कुणी विचारलं तर मात्र दोघांनीही मोकळेपणाने सांगावं, लपवायचं काय त्यात? ब्रिटनचे निक क्लेग २००७ मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते झाले तेव्हा रेडिओवर झटपट प्रश्नोत्तरांत देव मानता का म्हटल्यावर नाही म्हणून गेले. मग त्यांनी सांगितलं की बायको कॅथलिक आहे, मुलंही तशीच वाढतायत, श्रद्धा असलेल्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. पुढे २०१० मध्ये उपपंतप्रधान झाले. एका घरात दोन तऱ्हा नांदतात हे मतदारांना नवीन नाही, त्यांच्याही घरात तेच चालू असतं.

प्रश्न: देव न मानणारे एवढे आहेत म्हणता, मग त्यांची व्होट बँक का नाही?

उत्तर: कारण ते भेटतच नाहीत एकमेकांना. भाविक लोक ठरलेल्या दिवशी एकत्र येतात, तिथे हॉल असतो, फोन नंबरांची यादी असते, वर्गणी गोळा करायची सवय असते, सतरंज्या घालणारी पोरं असतात, आणि उमेदवाराला नेमकं हेच सगळं लागतं. न मानणारा रविवारी झोपा काढतो. जे उघड नास्तिक निवडून आले त्यांच्यामागे पक्ष किंवा चळवळ होती, नास्तिकांची फौज नव्हती. ज्योती बसू १९७७ ते २००० पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री राहिले ते कम्युनिस्ट केडरच्या जिवावर, करुणानिधी पाच वेळा तामिळनाडूचे मुख्यमंत्री झाले ते द्रविड चळवळीच्या. मतदान करणाऱ्यांत भाविक भरपूर होते दोन्हीकडे.

प्रश्न: कायद्याचं काय? निवडून आलो आणि देवाची शपथ घ्यायची वेळ आली तर?

उत्तर: देशावर अवलंबून आहे. भारतात उमेदवारी अर्ज भरल्यावरची शपथ असो की निवडून आल्यावरची, 'ईश्वरसाक्ष शपथ घेतो' किंवा 'गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो', दोन्ही पर्याय घटनेच्या तिसऱ्या अनुसूचीत आहेत, त्यात कुणाला विनंती वगैरे करावी लागत नाही. घटनेच्या सरनाम्याची सुरुवात ईश्वराच्या नावाने करावी अशी सूचना १९४९ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामतांनी मांडली होती, मतदान झालं, ४१ विरुद्ध ६८ ने पडली.

अमेरिकेत तर मजाच आहे. तिथल्या घटनेत स्पष्ट लिहिलंय की सरकारी पदासाठी धर्माची अट घालता येणार नाही, १९६१ मध्ये सुप्रीम कोर्टाने टॉर्कासो नावाच्या माणसाच्या खटल्यात राज्यांनाही तेच सुनावलं (बिचाऱ्याला फक्त नोटरी व्हायचं होतं!), तरी टेक्सास, टेनेसी, मिसिसिपी अशा काही राज्यांच्या घटनेत ईश्वर न मानणाऱ्यांना पद नाही ही कलमं अजून तशीच छापलेली आहेत. कोर्टात ती टिकत नाहीत, पण काढून टाकायला कोण पुढाकार घेणार? वर सांगितलेले बॉथवेल जिंकल्यावर विरोधकांनी नॉर्थ कॅरोलिनाचं कलम शोधून काढलंच होतं. आयर्लंडमध्ये राष्ट्राध्यक्षाला आजही सर्वशक्तिमान देवाच्या नावानेच शपथ घ्यावी लागते. सान मारिनो या युरोपातल्या चिमुकल्या देशात खासदारांना बायबलवर शपथ घ्यायला लावली होती, ते युरोपच्या मानवाधिकार न्यायालयात गेले आणि १९९९ मध्ये जिंकले.

पण या सगळ्याचा बाप म्हणजे चार्ल्स ब्रॅडलॉ. १८८० मध्ये नॉर्थॅम्प्टनमधून ब्रिटिश संसदेवर निवडून आला, म्हणाला देवाच्या शपथेऐवजी मला प्रतिज्ञा घेऊ द्या. नाही म्हणाले. बरं मग शपथ घेतो म्हणाला, तर म्हणे नास्तिकाच्या शपथेला अर्थ काय! म्हणजे दोन्हीकडून दार बंद. हटला नाही म्हणून बिग बेनच्या मनोऱ्यात कोंडलं, पुढच्या वर्षी अक्षरशः ओढून बाहेर काढलं. जागा रिकामी व्हायची, पोटनिवडणूक लागायची आणि नॉर्थॅम्प्टनचे लोक परत त्यालाच निवडून द्यायचे. पाच वेळा निवडून दिलं, त्या लोकांमध्ये देव मानणारे कमी नव्हते. शेवटी १८८६ मध्ये नवीन स्पीकरने कुणाला अडवू दिलं नाही आणि हा बसला जागेवर, दोन वर्षांनी शपथेऐवजी प्रतिज्ञा घेता येईल असा कायदा त्यानेच मंजूर करून घेतला. जानेवारी १८९१ मध्ये तो शेवटच्या आजारात पडून होता तेव्हा सभागृहाने ठराव केला की १८८० मध्ये त्याला अडवणारा ठराव कामकाजाच्या नोंदीतून पुसून टाकावा. तीन दिवसांनी तो गेला. ही बातमी त्याला सांगण्याइतकी शुद्ध त्याला नव्हती. अंत्ययात्रेला आलेल्या गर्दीत लंडनमध्ये कायद्याचं शिक्षण घेणारा मोहनदास गांधी नावाचा एक विद्यार्थीही होता.